बानाबाईकडं ठेवलेली खुडूक कोंबडी

पडेगावात, दौलताबाद रस्त्याच्या अंगाला, आठ-दहा घरांची एक ओळ होती. त्यातलं शेवटून दुसरं घर बानाबाईचं. एक खोली, पुढं पत्र्याचा उतार, त्यापुढं अंगण. अंगणात लिंबाचं एक झाड अन् नळाचा एक पाईप, ज्याला तोटी कधी नीट बसली नाही. खोलीला लागून अजून एक बारकी खोली होती, ती तिनं मला भाड्यानं दिली होती. मी चिकलठाण्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. पाळी दुपारची, म्हणून सकाळ मोकळी.

पहिल्याच सकाळी मी दात घासत बाहेर आलो तर ही बाई उंबऱ्यावर बसलेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात पितळी, पितळीतल्या चहावर साय धरलेली. बघत होती कोंबड्यांकडं.

"मावशी, चहा गार झाला."

"होऊ द्या. हितं भांडण चाललंय."

मी बघितलं. चार-पाच कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. भांडण कुठंच नव्हतं.

"ती भुरी बघा," बानाबाई म्हणाली. "तिच्या फुड्यात दाणा पडलाय. टिपायलीय का?"

"नाही."

"कामून नाय? थोरली बघायलीय म्हून. थोरलीनं मान खाली घातल्याबगर भुरीची छाती नाय दाण्याला चोच लावायची. हेच भांडण. मानसावानी बोंबलत नाईत म्हून काय भांडण नसतंय व्हय?"

तेवढ्यात त्या थोरलीनं, एका तांबूस, वयस्क, बसक्या बांध्याच्या कोंबडीनं, मान खाली घातली. अन् भुरीनं पटकन दाणा टिपला. मी तोंडात ब्रश धरून तसाच उभा.

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. बानाबाईचं माहेर धनगराचं, सासर धनगराचं. वाळूजच्या माळावर त्यांची मेंढरं चरायची. मग त्या माळावर कंपन्या आल्या. तारेची कुंपणं पडली, डांबरी रस्ते झाले, पहाटेच्या शिफ्टचा भोंगा वाजायला लागला. चराई गेली. मेंढरं विकली, घोडं विकलं. तिचा नवरा मल्हारराव तिथंच एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. "ज्या बाभळीखाली मेंढरं बसवायचो, तिच्याचखाली आता खुर्ची टाकून बसतो," असं तो सांगायचा. ते अभिमानानं सांगतो की रडून, हे मला कधी कळलं नाही. त्याला रात्रपाळी असायची. दिवसा तो खोलीत झोपलेला असायचा.

बिऱ्हाडातलं जे विकलं गेलं नाही, ते म्हणजे कोंबड्या. धनगर वाटेला लागला की घोड्याच्या पाठीवर सामान, सामानावर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं, अन् डालग्याशेजारी पाय बांधलेल्या कोंबड्या. सांजेला मुक्काम पडला की त्यांना सोडायचं. रोज नवा माळ, रोज नवं झाड. तरी दिवेलागणीच्या आत एकूण एक कोंबडी त्या डालग्याखाली हजर. त्यांचं गाव म्हणजे ते डालगं. अशा कोंबड्यांच्या लेकी-नाती बानाबाईच्या अंगणात होत्या, अन् आयुष्यभर मेंढरं राखलेल्या बाईला राखायला आता तेवढंच उरलं होतं. ती राखत नव्हती खरं तर. वाचत होती. मी अक्षरं वाचतो तशी ती कोंबड्या वाचायची.

तिचा एक कोंबडा होता, त्याचं नाव जमादार. ती म्हणाली, "ह्याच्या वराडण्यात फरक हाये. घार आली तर येक, कुत्रं आलं तर दुसरं." मला वाटलं, म्हातारी काहीतरी सांगते. मी आठ दिवस कान देऊन बसलो. खरं होतं. आभाळात घार दिसली की जमादार एकच बारीक, लांब शीळ घालायचा, अन् कोंबड्या डोकं वर न करता सरळ झाडाखाली. कुत्रं आलं की तो तुटक तुटक कटकट करायचा, तेव्हा त्या पळायच्या नाहीत, माना ताठ करून सगळ्या एकाच दिशेला बघायच्या. वर बघायचं की आडवं, हे त्यानं सांगितलेलं असायचं. कोंबडा सांगतो अन् कोंबड्यांना कळतं. आपल्या पायाशी, उकिरड्यावर, रोज हे चाललेलं असतं, आणि आपण बाजारात भाव विचारतो.

"खोटं बी बोलतंय त्ये," बानाबाई एकदा म्हणाली. "दाना गावला की कसं कुक-कुक करून बायकांला बोलवतंय? कधी कधी दाना नसतानी बी बोलवतंय. येतेत बिचाऱ्या. पर थोरली येत नाय. येकदा फसली, दोनदा फसली, आता त्याच्याकडं बघत बी नाय. आमचं मालक तसंच."

आतून मल्हाररावाचा आवाज आला, "झोपू दे गं बाई."

तर अशा ह्या अंगणाच्या पलीकडं, ओळीतलं शेवटचं घर सारजाबाईचं होतं.

सारजाबाई बौद्धवाड्यातली, लासूर स्टेशनच्या पलीकडच्या एका गावची. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा तिच्या ओळीतली घरं जळाली. ती निघाली तेव्हा कडेवर लेक होती अन् काखेत एक कोंबडी. "लोक इचारतेत, कामून कोंबडीच?" ती म्हणायची. "मी काय निवडीत बसले व्हते का? हाताला लागली ती घेतली." ती कोंबडी तिच्या आईनं दिलेली. ती पडेगावात येऊन दोन वर्षांनी मेली. तिच्या वंशातल्या बाकीच्या मानमोडीच्या साथीत गेल्या. राहिली एक लेक, काळी, उंच पायांची, आता पाच-सहा वर्षांची म्हातारी. त्या जळालेल्या घरातलं जिवंत असं सारजाबाईकडं तेवढंच होतं. लेकीचंही लग्न होऊन ती लांब नांदायला गेली होती.

ती काळी त्या माघात खुडूक बसली. अकरा अंडी खाली. सारजाबाई रोज येऊन बानाबाईला सांगायची, जशी काही लेकच बाळंतपणाला आली आहे. "बाने, हे तिचं शेवटचं बसनं. फुडच्या वर्साला अंडी देती का न्हाय कुणाला म्हाईत."

बानाबाई त्या काळीला 'गाववाली' म्हणायची. कोंबडीला नाव नव्हतं, हिनंच दिलं.

त्याच दिवसांत नामांतराचा सत्याग्रह पुन्हा जोरात होता. सारजाबाईचा नवरा पुंजाराम आधीच्या तुकडीत जाऊन जेलात बसला होता, आता बायकांची तुकडी निघायची होती. खुडूक बसून आठ दिवस झाले अन् सारजाबाई निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून सकाळी दारात आली. हातात घराची किल्ली.

"बाने, कोंबडी बघ गं माझी. सांजच्याला येतेच. बायांला दिसभर मैदानात बसवून ठेवतेत अन् सांजंला सोडतेत."

"अन् नाय सोडलं तर?"

"तर सरकारच्या भाकरी खाईन. तिला रोज येकदा उठू दे, दाना-पानी दाव. अन् अंड्याला हात नको लावू बरं. तुझ्या हाताला मेंढराचा वास येतोय."

"मेंढरं इकून दोन वर्सं झाली, सारजे."

"वास न्हाय गेला."

दोघी हसल्या. ट्रक आला, बायका घोषणा देत चढल्या, सारजाबाई सगळ्यात शेवटी. जाताना तिनं ओरडून सांगितलं, "अजून तेरा दिस!" ट्रकमधल्या बायकांना वाटलं ही घोषणाच आहे. त्याही ओरडल्या.

सांजंला कुणी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी खबर आली, बायकांना हर्सूलच्या जेलात नेलं अन् ठेवून घेतलं.

तिसऱ्या सकाळी बानाबाई कुलूप काढून आत गेली आणि लगेच बाहेर आली. तोंड उतरलेलं. मागच्या पत्र्याखालून मुंगूस शिरलं होतं. दोन अंडी फोडून खाल्ली होती. गाववाली बाकीच्या नऊवर पंख पसरून, चोच उघडी टाकून बसली होती. तिच्या मानेला चावल्याची जखम. मुंगूस चाखून गेलं म्हणजे पुन्हा येणार.

"तिला इकडं आनते," बानाबाई नवऱ्याला म्हणाली.

मल्हारराव रात्रपाळी करून नुकताच आला होता, पट्टा सोडत होता. त्यानं पट्टा खुंटीला अडकवला.

"आन. पर दारात ठेव. घरात नको."

"घरात कामून नको? मुंगूस घरात येत नाय."

"आगं लोक आधीच बोलायलेत. कुणाची कोंबडी, कुणाच्या घरात. मला गेटवर चार मानसांत हुभं राहावं लागतं."

बानाबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. दिवेलागणीला, कोंबड्यांना डोळ्यांना दिसेनासं होतं त्या वेळी, तिनं टोपली गाववालीसकट अन् अंड्यांसकट उचलून आणली, उताराखाली भिंतीच्या कोपऱ्यात ठेवली, अन् वर डालगं झाकून त्यावर दगड ठेवला. गाववाली हलली नाही. एवढं जमलं.

जमलं नाही ते दुसऱ्या दिवशीचं.

खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते. दाणा टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते, अन् परत बसते. पाव तासाचं काम. बानाबाईनं डालगं उचललं, गाववाली उठून बाहेर आली, अन् थोरली तिच्यावर धावून आली. मी कोंबड्यांची भांडणं बघितली होती. हे भांडण नव्हतं. थोरलीनं तिचा तुरा धरून तिला फरफटत नेलं. भुरी मागून, पांढऱ्या ठिपक्यांची कवडी बाजूनं. बुटकी तेवढी आली नाही. ती कळपातली सगळ्यात खालची, सगळ्यांच्या मागून खाणारी, अन् तीही खुडूक झालेली. थंडीत पिल्लं नकोत, तिची खुडूक मोडावी म्हणून बानाबाई चार दिवस तिला पाण्यात बुचकळून काढत होती. तरी ती दिवसभर एका कोपऱ्यात रिकाम्या मातीवर बसून राहायची.

गाववाली रक्ताळलेल्या तुऱ्यानं परत टोपलीत गेली. त्यानंतर दोन दिवस डालगं उचललं तरी ती उठली नाही. दाणा नाही, पाणी नाही. तिथंच बसून सुकायला लागली.

"मरंल," बानाबाई म्हणाली. "उठली तर ह्या मारत्यात, नाय उठली तर भुकंनं मरंल. सारजीला काय त्वांड दावू मी?"

आणि तिनं, मेंढरात जन्म काढलेल्या बाईनं, मेंढरांचा इलाज केला.

तिच्या सासऱ्याची एक रीत होती. विकत घेतलेलं नवं मेंढरू कळपात घालायचं, तर तेलात काव, म्हणजे तांबडी माती, कालवायची आणि नव्या-जुन्या सगळ्यांच्या टाळूवर, नाकावर ती लावायची. मेंढराची ओळख वासाची. सगळ्यांना एकच वास आला की कळप नवं-जुनं विसरतो. मेल्या कोकराचं कातडं परक्या कोकराला पांघरलं की मेंढी त्याला पाजते, तसंच हे. बानाबाईनं हे शंभर वेळा केलेलं, शंभर वेळा जमलेलं.

सारजाबाई गेल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी तिनं करडीच्या तेलात काव कालवली. कोंबड्या एकेक धरून सगळ्यांच्या डोक्याला, तुऱ्याला, गालाला चोपडली. थोरली, भुरी, कवडी, जमादार, गाववाली. बुटकीला तेवढी लावायची राहिली. ती लाकडांमागं जाऊन बसली होती. सगळ्यांची तोंडं लालभडक, ओलसर. "आता येका घरच्या झाल्या," म्हणाली आणि सोडून दिल्या.

पहिल्या क्षणी काहीच झालं नाही. सगळ्या जागच्या जागी उभ्या. मग भुरीनं थोरलीकडं बघितलं, मान वाकडी करून, एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं. आणि तिच्या तोंडावर टोच मारली.

भुरीनं. जी थोरलीनं मान खाली घातल्याशिवाय दाणा टिपत नव्हती.

मग जे सुरू झालं ते मी पुन्हा कधी बघितलं नाही. कवडी भुरीवर, भुरी थोरलीवर, थोरली जमादारावर. जमादार कुणालाच सोडवेना, तोही मार खाऊन लिंबाच्या खोडाला चिकटला. चार वर्षं एका डालग्याखाली, पंखाला पंख लावून झोपलेल्या कोंबड्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. पिसं उडत होती. त्या धांदलीत डालगं कलंडलं, एक अंडं फुटलं. गाववाली उडून सारजाबाईच्या पत्र्यावर जाऊन बसली, ती खाली यायला तयार होईना.

आठ अंडी उघड्यावर. माघाची बोचरी हवा.

बानाबाई धावली. अंडी ओटीत घेतली, भिंतीला पाठ लावून खाली बसली, अंगावर घोंगडी ओढून घेतली अन् पोटाशी धरली. पावसात जन्मलेलं कोकरू असंच धरतात.

"भाऊ, मला आता उठता येत नाय," ती मला म्हणाली. "ही गार झाली तर संपलं. तुमी जावा कामाला."

मी गेलो नाही. त्या दिवशी खाडा झाला.

ती दोन तास बसली. हलता येत नाही, उठता येत नाही, फक्त बघता येतं. आणि बघणं तर तिचं कामच. डोळ्यांत पाणी होतं, पण ते डोळे अंगणातच होते.

दुपार व्हायला आली तेव्हा कवडी मार खाऊन दमली, अन् त्या गळक्या नळाखाली पाणी प्यायला गेली. मान वर करून ती पाणी गिळत होती, वरून धार तिच्या डोक्यावर पडत होती. काव निघायला लागली. लाल पाणी मानेवरून ओघळलं. पांढरे ठिपके दिसायला लागले, तिचं मूळचं तोंड दिसायला लागलं. तेवढ्यात थोरली तिच्यावर धावून आली. मी म्हटलं, गेली आता ही.

थोरली दोन हातांवर थांबली. मान वाकडी केली. कवडीनं डोकं खाली घातलं, रोज घालायची तसं. थोरलीनं बघितलं, वळली, अन् निघून गेली.

बानाबाई इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं.

"भाऊ, ह्या वासानं नाय वळखत. ह्या त्वांड वळखत्यात."

तिनं घोंगडी अजून आवळून घेतली.

"म्या सगळ्यांची तोंडं पुसली. म्या त्यांला येकमेकीला परकं केलं."

आणि एकदम ओरडली, "अवं! उठा! अवं, उठता का नाय!"

मल्हारराव लुंगी सावरत बाहेर आला. अंगणातली दशा, बायको घोंगडीत, मी उभा. त्याला वाटलं, कुणी मेलं.

"पानी गरम करा. शिकेकाई काढा. सगळ्या कोंबड्यांची डोस्की धुवा."

"कुणाची?"

"कोंबड्यांची!"

"आगं, तुझं डोस्कं ठिकाणावर हाये का? मी रात्रभर गेटवर हुभा व्हतो."

"तुमी हुभं व्हता, मी बसलीय. माझ्या पोटाशी आठ अंडी हायेत. ती सारजी तिकडं कोठडीत, मी हितं घोंगडीत. उठता कोनाला येतंय, तुमालाच ना? मंग धुवा."

मी कोंबड्या धरल्या, मल्हाररावानं धुतल्या. शिव्या देत धुतल्या, पण नीट धुतल्या. डोळ्यांत शिकेकाई जाऊ नये म्हणून वरून तळहात धरत होता. मेंढरं धुतलेला हात तो. पत्र्यावरून गाववालीला उतरवायला तोच खाटेवर चढला. एकेक कोंबडी धुवून उन्हात सोडली. भिजून त्या अर्ध्या झाल्या होत्या, केविलवाण्या. आणि सगळ्या एकमेकींकडं बघत होत्या. मान वाकडी करून, ह्या डोळ्यानं, त्या डोळ्यानं. भुरीनं थोरलीचं तोंड बघितलं अन् अख्खी खाली दबली. असं म्हणतात की जनावराला लाज नसते. मी बघितलं ते काय होतं, मला सांगता येणार नाही.

तोवर कोपऱ्यातली बुटकी, जिच्या तोंडाला काव लागलीच नव्हती अन् जिला कुणी विचारलंही नव्हतं, ती त्या रिकाम्या टोपलीत जाऊन बसली होती. कधी गेली, कुणी बघितलं नाही. पंख पसरून, डोळे अर्धे मिटून, नुसत्या भुश्यावर.

बानाबाईनं एकेक अंडं घोंगडीतून काढून तिच्या पोटाखाली सारलं. बुटकीनं प्रत्येक अंडं चोचीनं आत ओढून घेतलं.

"जिला मी चार दिस पान्यात बुडवीत व्हते," बानाबाई म्हणाली, "तीच बघा."

दिवेलागणीला गाववाली आली. टोपलीशी थांबली. बुटकीनं मान फुगवली, गुरगुरली. आता ह्या दोघी भांडल्या तर राहिलेली अंडीही फुटणार. बानाबाईनं हात पुढं केला, अन् मागं घेतला. आज एकदा हात घालून बघितला होता.

गाववालीनं टोच मारली नाही. ती टोपलीच्या काठावर चढली, आणि अंगानं रेटत, बुटकीच्या शेजारी बसली. अगदी हळू. एक अंडं बुटकीच्या खालून तिनं आपल्याकडं ओढलं. बुटकीनं ओढू दिलं. मग अजून एक. चार-चार झाली असतील, कुणी मोजली नाहीत. दोघींची डोकी उलट दिशांना, अंगाला अंग.

त्यानंतरचे आठ दिवस त्या दोघी तशाच होत्या. एक उठायची, दुसरी आठही अंडी पोटाखाली घ्यायची. पहिली खाऊन, लोळून आली की दुसरी उठायची. गाववाली उठली की थोरली अजूनही यायची, पण एखादी टोच मारून निघून जायची. गाववाली डोकं खाली घालायची, जागा मागची घ्यायची. तिला जागा मिळाली होती, सगळ्यात शेवटची का होईना. मल्हारराव कामावरून आला की आधी टोपलीशी वाकून बघायचा. टोपली घरात घ्या म्हणाला नाही, पण लोकांच्या बोलण्याचंही पुन्हा काढलं नाही.

उबवणीच्या विसाव्या दिवशी सकाळी बानाबाईनं मला हाक मारली. तिच्या हातात एक अंडं होतं.

"कानाला लावा."

आत चिवचिवत होतं. कवच अजून अख्खं, अन् आत कुणीतरी बोलत होतं. बारीक, चिडलेलं. बानाबाईनं अंडं परत गाववालीच्या पोटाखाली ठेवलं. गाववालीनं गळ्यातल्या गळ्यात दोन शब्द केले, मी कधी ऐकले नव्हते असे, घोगरे. अंड्यातला आवाज थांबला. मग तिकडून बुटकीनं तसलाच आवाज केला, आणि तिच्या खालच्या अंड्यानं उत्तर दिलं.

"जन्माच्या आदी वळख करून घ्यायल्यात," बानाबाई म्हणाली. "आईचा आवाज कोनता, त्ये आतूनच शिकून येत्यात. इथं तर दोघींचा." तिनं पदर डोक्यावर घेतला, देवळात घेतात तसा.

एकविसाव्या दिवशी पाच निघाली. तीन अंडी तशीच राहिली. बानाबाईनं ती कानाला लावून लावून बघितली, दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवली. शांत होती. ती तिनं लिंबाखाली पुरली अन् बराच वेळ तिथंच उकिडवी बसली.

बाविसाव्या दिवशी सकाळी सारजाबाई आली. हातात पिशवी, घसा बसलेला, गालफडं आत गेलेली. स्वतःच्या घराकडं न जाता सरळ ह्या अंगणात.

"किती?"

"पाच," बानाबाई म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. मुंगूस, दोन अंडी. काव. लाल तोंडं. फुटलेलं अंडं. घोंगडी. पुरलेली तीन. काहीच गाळलं नाही. "तू म्हनलीस हात नको लावू. म्या लावला. माझ्या हातानं गेली."

सारजाबाई ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय.

"बाने," ती बसलेल्या घशानं म्हणाली, "तू कोंबड्यांची मेंढरं केलीस गं!"

"हसू नको."

"अन् मालकांनी धुतल्या?"

मल्हारराव डबा घेऊन दारात उभा होता. "शिकेकाई लावून," तो म्हणाला. "हिनं लावायला लावली."

"आमाला बी जेलात धुनंच व्हतं," सारजाबाई म्हणाली. "पर शिकेकाई न्हाय दिली."

ती टोपलीशी जाऊन खाली बसली. गाववालीनं तिला बघितलं, मान वाकडी करून, आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या. अन् उठून तिच्या पायाशी आली. चौदा दिवसांनी. सारजाबाईनं तिच्या मानेवरच्या जखमेवर बोट फिरवलं. मग टोपलीतून एक पिल्लू काढून तळहातावर घेतलं, अन् ते उलटं करून त्याचे पाय बघितले. बोटानं पायाच्या नळीवरची लव उलटी फिरवली. दुसरं घेतलं, तेही उलटं केलं. तिसरं.

"काय बघायलीस?" बानाबाईनं विचारलं.

"हिच्या आईच्या पायाला पिसं व्हती. नखापर्यंत. माझ्या आईच्या घरच्या सगळ्या कोंबड्यांला असायची, लोक हसायचे, म्हनायचे कोंबड्या मोजे घालून हिंडायल्यात. हिच्या पायाला न्हाय आली. मला वाटलं, संपलं त्ये." तिनं तिसरं पिल्लू उजेडात धरलं. पिवळ्या नळीवर, बोटांपर्यंत, बारीक काळी लव उतरली होती. "ह्याला हाये. अन् त्याला बी. दोघांला हाये."

रोज कोंबड्या वाचणाऱ्या बानाबाईला ते पायांचे पाच जोड दिसले होते, पण हे तिला वाचता आलं नव्हतं. ती गुडघे टेकून जवळ आली अन् सारजाबाईच्या हातातल्या त्या इवल्या पायांकडं बघत राहिली.

"घरी नेतीस का आज?"

सारजाबाईनं पिल्लू खाली सोडलं. ते दोन पावलं धडपडलं, थांबलं, आणि जी आई जवळ होती तिच्या पोटाखाली शिरलं. ती बुटकी होती.

"कसं नेऊ," सारजाबाई म्हणाली. "ह्यांला दोघी लागत्यात."